उधारीची वही मोबाइलवर

आमच्या अब्बांचे बाजारपेठेत बांगडी-कटलरीचे दुकान होते. सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी मणियारांची चार-पाच दुकाने एका ओळीत आहेत, त्यांतलेच हे एक. सकाळी अब्बा शटर वर करीत, बिस्मिल्लाह म्हणून गल्ला उघडीत आणि काउंटरखालून लाल कापडी बांधणीची वही काढून समोर ठेवीत. त्या वहीत ते उर्दूत नावे लिहीत आणि पुढे आकडा. नावे तरी कसली? ‘हिरवी साडी, ३५०’, ‘मास्तरांची सून, ६००’, ‘पुलाजवळची, १२०’. कोण हिरवी साडी आणि कोण पुलाजवळची, हे फक्त अब्बांना ठाऊक. त्यांची स्मरणशक्ती अशी की वही न उघडताच ते गिऱ्हाइकाला बाकी सांगत आणि गिऱ्हाईकही मान डोलावी.

सात वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला आणि ती वही आमच्या हाती आली. दोन्ही भाऊ मराठी शाळेत शिकलेले. उर्दू वाचता येणारी घरात मी एकटी. म्हणून सासरहून आल्यावर चार रात्री बसून ती वही मीच वाचली. बेरीज निघाली १ लाख ८६ हजार रुपये. त्यांतली निम्मी नावे कुणालाच ओळखू येईनात. अल्लाह भले करो, काही बायका आपणहून आल्या, ‘चाचांचे एवढे देणे होते’ म्हणून पैसे ठेवून गेल्या. तरीही वसुली ७० हजारांच्या पुढे गेली नाही.

हे झाले येण्याचे. देण्याचे त्याहून अवघड होते. एका घाऊक व्यापाऱ्याने ४२ हजार रुपये बाकी असल्याचे सांगितले. आमच्याकडे ना बिलांची फाइल, ना भरलेल्या रकमेची नोंद. पुण्यात नोकरी करणारा धाकटा भाऊ म्हणाला, ‘इतकी वर्षे दुकान चालले, मग पैसा गेला कुठे?’ दुकान सांभाळणाऱ्या भाईजानला तो शब्द लागला. बोलणे बंद झाले. अम्मी इद्दतीत होत्या. त्यांनी दोघांना बोलावून एवढेच सांगितले, ‘आधी तुमच्या बापाच्या मानेवरचे कर्ज उतरवा, मग काय भांडायचे ते भांडा.’ आम्ही ४२ हजार दिले. चार महिन्यांनी अब्बांच्या जुन्या कोटाच्या खिशात त्याच व्यापाऱ्याची १५ हजारांची पावती सापडली. भाईजान ती घेऊन गेला. व्यापाऱ्याने आपली वही तपासली, नोंद राहून गेल्याचे मान्य केले आणि रक्कम परत केली. त्याची नियत खोटी नव्हती आणि आमच्या अब्बांचीही नव्हती. तरी त्या चार महिन्यांत दोन सख्खे भाऊ ईदला एकमेकांना भेटले नाहीत.

म्हणून हा लेख लिहिते आहे. मी व्यापारी नाही, शाळेत शिकवते. पण गेली काही वर्षे आमच्या दुकानाचा हिशेब मोबाइलवर कसा आला, ते मी जवळून पाहिले आहे. आपल्यातील किती तरी घरे छोट्या धंद्यावर चालतात. बागवान फळे-भाजी विकतात, तांबोळी पानाच्या व्यवसायात आहेत, आतार, मणियार, नदाफ, शिकलगार, खाटीक, मोमीन यांचे आपापले उद्योग आहेत. शिवाय बेकरी, गॅरेज, शिलाई, भंगार, चिकनचे दुकान. कष्टात कुणी कमी नाही. कमी पडतो तो लिहिण्यात.

हुकूम तर जुनाच आहे

पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत कोणती, असे मी मुलांना विचारते तेव्हा बहुतेकांचे उत्तर चुकते. ती नमाज किंवा रोजाविषयी नाही. सूरह अल-बकराची २८२वी आयत देण्या-घेण्याच्या नोंदीविषयी आहे. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, रक्कम लहान आहे म्हणून लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. ‘आपल्याच माणसांत काय लिहायचे?’ असे आपण सर्रास म्हणतो. पण लिहिणे हा अविश्वास नव्हे. त्याने संशयाला जागा उरत नाही आणि नाते टिकते.

माणूस गेल्यावर वारसांत वाटणी होण्याआधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत असा क्रम शरीअतने घालून दिला आहे. कर्ज किती हेच कळले नाही, तर पुढचे सगळे अडते. आमच्या घरी नेमके तेच झाले.

हिशेबाची भाषाही आपल्याला परकी नाही. हिशेब, जमा, बाकी, वसूल, रक्कम, नफा हे मराठी दुकानदाराच्या रोजच्या तोंडचे शब्द मुळात अरबीतून आलेले आहेत आणि ‘दफ्तर’ फारसीतून. मुघल आणि दख्खनच्या दरबारांतील हिशेबनिसांची ‘सियाक’ नावाची आकडे लिहिण्याची खास पद्धत होती. आपल्याकडच्या पेढ्यांवर मोडी लिपीत रोजकीर्द आणि खतावणी लिहिली जाई. प्रत्येक व्यवहार जमेला आणि नावेला असा दोन्हीकडे मांडण्याची पद्धत इटलीतील लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात समजावून दिली. आजची हिशेबाची बरीच सॉफ्टवेअर त्याच पद्धतीवर उभी आहेत. म्हणजे मोबाइलने नवे शास्त्र आणलेले नाही. बेरीज-वजाबाकी तो न चुकता करतो, शोधायला सोपे जाते आणि वही भिजली, हरवली तरी नोंद उरते, एवढाच त्याचा फायदा आहे.

आधी काय लिहायचे ते ठरवा

भाईजानने सुरुवातीला मोबाइलवर एक अ‍ॅप घेतले, आठ दिवस उत्साहाने भरले आणि सोडून दिले. कारण काय लिहायचे हेच ठरलेले नव्हते. नंतर आम्ही बसून पाच गोष्टी ठरवल्या. कोणत्याही छोट्या धंद्याला त्या पुरतात.

पहिली, रोजमेळ. सकाळी गल्ल्यात किती होते, दिवसभरात रोख किती आले, मोबाइलवर किती आले, किती गेले आणि रात्री किती उरले. हिशेबाने येणारी शिल्लक आणि हातात मोजलेली शिल्लक जुळली पाहिजे. सकाळी २,००० रुपये होते, रोख विक्री ४,५०० झाली, १,२०० खर्च झाले. तर गल्ल्यात ५,३०० हवेत. ५,१०० निघाले तर दोनशेचा शोध त्याच रात्री घ्यावा. महिन्यानंतर तो लागत नाही.

दुसरी, उधारी. गिऱ्हाइकाचे पूर्ण नाव, मोबाइल नंबर, तारीख, वस्तू आणि रक्कम. ‘हिरवी साडी’ चालणार नाही.

तिसरी, व्यापाऱ्यांचे देणे. कोणाकडून किती माल आला, किती पैसे दिले, बाकी किती. बिलाचा आणि पावतीचा लगेच फोटो काढावा. थर्मल कागदावरचे बिल काही महिन्यांत पुसट होते, फोटो होत नाही.

चौथी, शिल्लक माल. आमच्या धंद्यात २-४, २-६, २-८ अशी बांगड्यांची मापे. कोणते माप पडून राहते आणि कोणते संपते, हे लिहिल्यावरच कळले. भाईजान वर्षानुवर्षे लग्नसराईत सगळ्या मापांचा सारखा माल भरत होता. नोंद पाहिल्यावर दिसले की दोन मापेच सर्वाधिक जातात. पडून राहणाऱ्या मालात अडकलेला पैसा मोकळा झाला.

पाचवी, आणि सर्वांत महत्त्वाची, घरची उचल. गल्ल्यातून दूध, भाजी, मुलांची फी, पाहुण्यांचा खर्च जातो आणि तो कुठेच लिहिला जात नाही. मग ‘धंद्यात बरकत नाही’ अशी तक्रार होते. भाईजानने पहिल्या महिन्यात उचल लिहिली, तेव्हा ती नफ्यापेक्षा जास्त निघाली. दुकान नफ्यातच होते, पण घर भांडवल खात होते. त्यानंतर त्याने स्वतःला महिन्याची ठरावीक रक्कम बांधून घेतली. भावाभावांच्या भागीदारीत तर उचल लिहिणे फारच आवश्यक आहे. कोणी किती घातले आणि कोणी किती काढले, हे लिहिलेले असले की कुणालाही कसम खावी लागत नाही.

कोणत्या दुकानाला कोणते साधन

सगळ्यांना एकच साधन योग्य नाही. ज्याचा धंदा मुख्यतः उधारीवर चालतो, त्याला खाताबुक, ओके क्रेडिट यांसारखी उधारीची अ‍ॅप पुरतात. ती मराठीतही वापरता येतात. प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक पान असते. दिले की एक बटण, मिळाले की दुसरे. बाकी आपोआप निघते आणि गिऱ्हाइकालाही संदेश जाऊ शकतो. म्हणजे नोंद दोघांकडे राहते. कुणाला ती चुकीची वाटली तर तो त्याच दिवशी सांगतो, सहा महिन्यांनी नव्हे.

ज्याला बिल द्यावे लागते आणि माल मोजावा लागतो, त्याच्यासाठी व्यापार, माय बिलबुक यांसारखी बिलिंगची सॉफ्टवेअर आहेत. बिल केले की मालातून तेवढा नग कमी होतो. उलाढाल मोठी असेल, जीएसटीची विवरणपत्रे भरायची असतील, नोकर-चाकर असतील, तर टॅली आहे. बंगळूरच्या एका पिता-पुत्रांनी १९८६ साली सुरू केलेल्या कंपनीचे हे सॉफ्टवेअर बहुतेक हिशेबनिसांना येते, म्हणून त्याचा जाणकार तालुक्याच्या गावीही मिळतो.

आणि ज्याला यांपैकी काहीच नको, त्याने गुगल शीट्स वापरावे. मला स्वतःला हेच आवडते. तारीख, तपशील, जमा, खर्च, शिल्लक असे पाच रकाने करायचे. शिल्लकेच्या रकान्यात ‘वरची शिल्लक अधिक जमा वजा खर्च’ हे सूत्र एकदा घातले की झाले. ही शीट पुण्याच्या धाकट्या भावालाही दिसते. आमच्या घरातला अबोला खऱ्या अर्थाने संपला तो या शीटने. आता तो ‘पैसा गेला कुठे’ असे विचारत नाही. त्याला दिसते.

कोणतेही साधन घेताना तीन प्रश्न विचारावेत. इंटरनेट नसताना नोंद करता येते का? सगळा हिशेब पीडीएफ किंवा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का? आज फुकट आहे, तर उद्या पैसे लागू झाल्यावर माझा जुना हिशेब मला मिळेल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर ते साधन घेऊ नये. आपला हिशेब आपल्या हातात राहिला पाहिजे.

सुरुवात करायची तर महिन्याच्या पहिल्या तारखेला करावी. जुन्या वहीतली प्रत्येक बाकी ‘मागील बाकी’ म्हणून भरावी. ती भरताना शक्यतो गिऱ्हाइकाला विचारून खात्री करावी. पहिले दोन महिने वही आणि मोबाइल दोन्ही चालू ठेवावेत. दोन्हीकडची बेरीज जुळू लागली की वही बंद करायला हरकत नाही.

तगादा आणि अदब

येथे एक अनुभव सांगते. भाईजानच्या अ‍ॅपमध्ये आठवणीचा संदेश आपोआप जाण्याची सोय चालू राहिली होती. एका वयस्क विधवा फुफींकडे २८० रुपये बाकी होती. त्यांचा मोबाइल जावयाच्या हाती असे. संदेश आला तो जावयाने वाचला. दुसऱ्या दिवशी त्या पदराने डोळे पुसत दुकानात आल्या आणि म्हणाल्या, ‘तुझ्या बापाने कधी असे केले नाही रे.’ भाईजानला काय बोलावे सुचेना.

अ‍ॅपला माणूस कळत नाही, तो आपल्याला कळला पाहिजे. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी आणि माफ करणे तर आणखी चांगले, ही शिकवण २८२व्या आयतीच्या थोडी आधी, २८०व्या आयतीत आहे. म्हणून आपोआप जाणारा संदेश बंद ठेवावा आणि कुणाला आठवण द्यायची, कुणाला नाही, ते आपण ठरवावे. आता भाईजान रमजानआधी उधारीची यादी काढतो. ज्यांची खरोखर ऐपत नाही, त्यांची बाकी माफ करून तशी नोंद करतो. माफ करायलाही आधी लिहिलेले असावे लागते!

यूपीआय, कर आणि पुरावा

२०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले आणि आज भाजीच्या गाड्यावरही क्यूआर कोड लटकतो. पैसे थेट खात्यात येतात. पण त्याच खात्यात भावाने पाठवलेले पैसे येतात, भिशीचे येतात, मेहुण्याने परत केलेली उसनवारी येते. बँकेच्या कागदावर सगळे सारखेच दिसते.

याचा परिणाम जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात दिसला. तेथील राज्य कर विभागाने यूपीआयवर आलेल्या रकमांच्या आधारे अनेक छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. बंगळूरमध्ये काही दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. नोटिसा मिळालेल्यांत भाजी, दूध विकणारेही होते. अशा अनेक मालांवर जीएसटी नाही. पण आलेली रक्कम कोणत्या मालाची, ते दाखवायला नोंद हवी. पाटी लावून प्रश्न सुटत नाही.

सध्याचा नियम महाराष्ट्रात असा आहे की केवळ मालाची विक्री करणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली आणि सेवा देणाऱ्याची २० लाखांच्या वर गेली, तर जीएसटी नोंदणी करावी लागते. काही व्यवहारांना ही मर्यादा लागू नाही. उदाहरणार्थ, परराज्यात माल विकणाऱ्याला उलाढाल कमी असली तरी नोंदणी लागते. केवळ करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची गरज नाही. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजनेत १ टक्का कर भरून मोकळे होता येते, मात्र तो कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. प्राप्तिकरातही छोट्या व्यापाऱ्यासाठी सोय आहे. २ कोटींपर्यंतच्या उलाढालीवर ८ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येते आणि बँकेमार्फत किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर हेच प्रमाण ६ टक्के धरले जाते. खरा नफा जास्त असेल तर अर्थात तो दाखवावा. नियम बदलत राहतात, म्हणून वर्षातून एकदा कर सल्लागाराला भेटावे. लिखित हिशेब घेऊन गेलो तर त्याचे काम सोपे होते आणि आपली फीही कमी होते.

म्हणून धंद्याचे बँक खाते घरखात्यापासून वेगळे करावे. दुकानाचा क्यूआर त्याच खात्याला जोडावा. ‘उद्यम’ नोंदणी आधारवर आणि सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत होते. त्यासाठी कुणाला दोन-तीन हजार देऊ नयेत.

जकातीचा हिशेब

आपल्यातील बरेच दुकानदार रमजानमध्ये अंदाजाने जकात काढतात. नियत चांगली असते, पण अंदाज कमीही असू शकतो. ज्याचा हिशेब लिहिलेला आहे, त्याला अर्ध्या तासात आकडा मिळतो.

निसाब साडेसात तोळे सोने, म्हणजे ८७.४८ ग्रॅम, किंवा साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. दुकानातील विक्रीचा माल त्या दिवशीच्या विक्रीच्या दराने मोजतात. फर्निचर, काउंटर, शिलाई यंत्र, वजनकाटा यांवर जकात नाही. समजा, माल ३ लाख २० हजारांचा, रोख व बँकेत ८५ हजार, येण्याची खात्री असलेली उधारी ६० हजार. एकूण ४ लाख ६५ हजार. व्यापाऱ्यांचे देणे १ लाख ५ हजार वजा केले की राहिले ३ लाख ६० हजार. अडीच टक्क्याने जकात ९ हजार रुपये. देणे वजा करण्याबाबत आणि उधारीबाबत मसलकांत फरक आहे. आपल्या राज्यात बहुसंख्य हनफी असले तरी कोकणातील आपले बांधव शाफई आहेत. म्हणून तपशील आपापल्या आलिमांना विचारावा. वरची मांडणी हनफी पद्धतीची आहे.

एक गोष्ट मात्र अ‍ॅप सांगत नाही. त्याचे वर्ष एप्रिल ते मार्च असते आणि जकातीचे वर्ष चांद्र. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असते. आपली जकातीची हिजरी तारीख एकदा ठरवून लिहून ठेवावी आणि त्या दिवशी मालाची, उधारीची आणि शिलकीची यादी काढावी. मोबाइलमध्ये हव्या त्या तारखेचा अहवाल निघतो, म्हणून हे काम सोपे झाले आहे.

सावध राहावे असे काही

हिशेबाच्या काही अ‍ॅपमध्ये ‘लगेच कर्ज घ्या’ अशी पाटी झळकते. त्या कर्जावर व्याज असते. सुदापासून दूर राहणाऱ्याने त्या पाटीला हातही लावू नये. व्याजाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी बेकायदा कर्ज-अ‍ॅपनी अनेकांचे संपर्क आणि फोटो उचलून त्यांना छळले आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाबाबत नियम घातले ते अशाच तक्रारींमुळे. हिशेबाच्या अ‍ॅपने फोटो-गॅलरी किंवा ठिकाणाची परवानगी मागितली, तर ती कशासाठी हे कळल्याशिवाय देऊ नये.

गिऱ्हाइकाने दाखवलेला ‘पैसे गेले’ असा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असे नव्हे. आपल्या खात्यात किंवा साउंडबॉक्सवर खात्री करावी. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कुणी पिन टाकायला सांगितला की ती फसवणूक समजावी. तसे काही घडलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. दुकानाचा क्यूआर रोज सकाळी एकदा तपासावा, त्यावर दुसऱ्याचा कोड चिकटवल्याचे प्रकारही घडतात.

हिशेब ज्या मोबाइल नंबरवर आहे, तो बंद पडू देऊ नये. महिन्यातून एकदा सगळा हिशेब पीडीएफमध्ये काढून घरातल्या आणखी एका माणसाच्या मोबाइलवर पाठवावा. आमचा भाईजान दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला तो मला पाठवतो. आणि मोबाइलचे कुलूप कसे उघडायचे, हे घरातल्या एका विश्वासू माणसाला ठाऊक असावे. उद्या आपण नसू, तेव्हा आपला हिशेब आपल्याबरोबर कुलूपबंद होऊ नये. नाही तर अब्बांच्या वहीत आणि या मोबाइलमध्ये फरक तो काय राहिला?

हे काम घरातूनही होते

दिवसभर दुकानात उभ्या राहिलेल्या माणसाला रात्री लिहिण्याचा कंटाळा येतो, हे मी पाहिले आहे. आमच्या घरी तोडगा निघाला तो भाभींमुळे. इशाच्या नमाजनंतर भाईजान दिवसाचे आकडे सांगतो आणि भाभी मोबाइलवर भरतात. दहा मिनिटांचे काम. भाभी दहावी शिकलेल्या. सुरुवातीला म्हणायच्या, ‘मला काय कळते दुकानातले?’ आज व्यापाऱ्याचा फोन आला तर बाकी त्याच सांगतात. पुढे त्यांनी घरी मसाले कांडून विकायला सुरुवात केली, तेव्हा मिरची, धणे, कांडपाची मजुरी, पिशवी सगळे लिहून किलोमागे किती पडते ते आधी काढले. शेजारणी विकतात त्या भावात विकले असते तर त्यांना तोटा झाला असता, हे त्यांना विकायच्या आधीच कळले.

शिलाई, मेहंदी, शिकवणी, बचत गटाचे काम करणाऱ्या भगिनींनी आपल्या कमाईची नोंद वेगळी ठेवावी. बाईची कमाई ही तिची मालमत्ता आहे आणि ती किती, हे तिला ठाऊक असायला हवे. मुलांनाही यात घ्यावे. माझ्या वर्गातली मुले टक्केवारीची गणिते करताना जांभया देतात, पण ‘घरच्या दुकानात शंभराला किती सुटतात ते काढून आणा’ असे सांगितले की दुसऱ्या दिवशी वही भरून येते.

अब्बांची लाल वही मी जपून ठेवली आहे. तिच्यातल्या न ओळखलेल्या बाक्या आम्ही तिघांनी आणि अम्मींनी मिळून अल्लाहच्या वास्ते माफ केल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात दुकानात एक बाई आल्या. लेकीच्या लग्नासाठी हिरव्या बांगड्या घेता घेता म्हणाल्या, ‘चाचांचे माझ्याकडे साडेतीनशे राहिले होते. मी गुजरातेत गेले, परत आलेच नाही.’ भाईजानने घेणार नाही म्हणून सांगितले, पण त्यांनी पैसे काउंटरवर ठेवलेच. मग त्याने मोबाइल उघडला, त्यांचे पूर्ण नाव विचारून घेतले आणि ३५० रुपये जमा केले. रात्री त्याने मला फोन करून विचारले, ‘आपा, त्या वहीत हिरव्या साडीपुढे काय लिहिले होते गं?’